पिंग जातंय, पण पान उघडत नाही: सामाईक नेटवर नाव कुठे अडतं

"नेट बंद पडलंय" अशी तक्रार आली की आधी एक गोष्ट विचारून घ्यावी: काहीच चालत नाही, की काही चालतंय आणि काही नाही? कोल्हापूरच्या पेठांत एका फायबर जोडणीवर दोन-तीन बिऱ्हाडं चालवणारी घरं गल्लोगल्ली आहेत. खाली मालकांचं कुटुंब, माडीवर विद्यापीठात शिकणारी पोरं, मागच्या खोल्यांत घरून काम करणारं एखादं जोडपं, आणि बिल वाटून घेतलेलं. अशा घरात एखाद्या संध्याकाळी माडीवर शाहू स्टेडियमवरचा सामना मोबाइलवर सुरळीत चालू असतो, खाली काकूंना व्हॉट्सअॅपचे मेसेज येत असतात, आणि काका बँकेचं पान उघडायला जातात तर 'धिस साइट कान्ट बी रीच्ड'. "आमचं चालतंय की काका, तुमच्याच मोबाइलात काय तरी झालंय बघा," असं माडीवरून उत्तर येतं. काका चिडून राउटरचं बटण दाबतात. सामना थांबतो, आणि आता दोन्ही मजल्यांवर भांडण सुरू होतं.

या घरात नेट बंद नव्हतं. तार शाबूत होती, माहिती ये-जा करत होती. अडलं होतं ते नाव. काकांनी बँकेच्या साइटचं नाव लिहिलं, पण त्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर ते यंत्र ओळखायचा आकडा, काय हे त्यांच्या मोबाइलला कोणी सांगितलं नाही. सामना चालू राहिला, कारण त्याची जोडणी आधीच उघडलेली होती. पुन्हा नाव विचारायची वेळच त्याच्यावर आली नाही. व्हॉट्सअॅपचंही तसंच. त्यामुळे 'व्हॉट्सअॅप चालतंय म्हणजे नेट ठीक' हेही खरं नाही आणि 'पान उघडत नाही म्हणजे नेट गेलं' हेही नाही.

एकट्याचं नेट असेल तर अंदाजपंचे बटणं दाबून भागतं. सामाईक नेटवर नाही. तिथे एकाने अंदाजाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याचा बिघाड होते. म्हणून काहीही बदलण्याआधी नाव नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं. त्याला फार ज्ञान लागत नाही, पण क्रम लागतो.

नावाचा पत्ता लागतो कसा

इंटरनेटवरची यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. आपल्याला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावं आली. सुरुवातीला सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फाइलीत असायचे. अमेरिकेतली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती फाइल सांभाळायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ही पद्धत पेलेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टीम, म्हणजे डीएनएसची रचना मांडली. तिचे आजही आधार मानले जाणारे नियम १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या जुन्या फाइलीचा वंशज मात्र अजून प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये 'होस्ट्स' नावाने बसलेला आहे. तो कधीकधी घोटाळा करतो, त्यावर पुढे येतो.

डीएनएसचं मर्म असं की सगळे पत्ते कोणा एकाकडे नसतात. बाहेरगावचा पाहुणा स्टँडवर उतरतो तेव्हा त्याला फक्त तालमीचं नाव आणि घरमालकाचं आडनाव माहीत असतं. रिक्षावाला तालमीपर्यंत सोडतो, तालमीच्या दारात गल्ली कळते आणि गल्लीच्या तोंडावर घर कळतं. पूर्ण शहर कोणालाच पाठ नसतं, प्रत्येकाला पुढची एक पायरी माहीत असते. शिवाजी विद्यापीठाची साइट घ्या: युनिशिवाजी डॉट एसी डॉट इन. हे नाव उजवीकडून वाचलं जातं. नाव शोधून देणारा सर्व्हर आधी सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरना विचारतो की 'इन' कोणाकडे. रूट सर्व्हरची नावं तेरा आहेत, ए पासून एम पर्यंत. त्यांच्या प्रती जगभर पसरल्या आहेत, भारतातही आहेत. ते 'इन'च्या सर्व्हरांकडे बोट दाखवतात, ज्याची नोंदवही २००५ पासून निक्सी ही संस्था सांभाळते. तिथून विद्यापीठाच्या नावाची जबाबदारी असलेल्या सर्व्हरचा पत्ता मिळतो आणि शेवटी तो सर्व्हर खरा आकडा सांगतो.

एवढी पायपीट दर वेळी होत नाही. मिळालेलं उत्तर वाटेत सगळीकडे काही काळ साठवलं जातं. किती काळ, ते उत्तरासोबतच सेकंदांत लिहून येतं. कुठे ३०० सेकंद, कुठे पूर्ण दिवस. 'असं नाव अस्तित्वातच नाही' हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. दुरुस्ती होऊनही एखाद्याच्या मोबाइलवर जुनीच चूक दिसत राहते ती यामुळे.

घरापुरतं पाहिलं तर प्रश्नाचा प्रवास असा असतो: ब्राउझरची साठवण, मग मोबाइल किंवा लॅपटॉपची साठवण, मग राउटर, मग इंटरनेट कंपनीचा डीएनएस सर्व्हर आणि तिथून पुढे जग. घरातला राउटर स्वतः काही शोधत नाही. तो प्रश्न पुढे ढकलतो आणि उत्तर मागे देतो. तरी घरातल्या प्रत्येक यंत्राला तोच सांगतो की 'नाव विचारायचं असेल तर मला विचारा'. वाय-फायला जोडलं जाताना आयपी पत्त्याबरोबर ही सूचनाही मिळते आणि ती देणाऱ्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, सामाईक घरातली निम्मी डोकेदुखी इथूनच निघते.

आधी लाइन, मग नाव

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली कमांड लिहायची खिडकी) उघडा आणि इंग्रजी अक्षरांत पिंग, म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का ते पाहणारी कमांड, लिहून पुढे ८.८.८.८ हा आकडा द्या. हा गूगलचा डीएनएस सर्व्हर आहे, २००९ पासून सगळ्यांसाठी खुला. 'रिप्लाय फ्रॉम' अशा ओळी आल्या तर लाइन चालू आहे. आता आकड्याऐवजी गूगल डॉट कॉम लिहून पिंग करा. 'कुड नॉट फाइंड होस्ट' आलं तर दुखणं नावाचं आहे, शंका नको. आकड्यालाच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल तर बहुतेक लाइनच गेलीय. भिंतीवरच्या फायबरच्या डब्याकडे पाहा. त्यावर 'एलओएस'चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकत असेल तर खांबावरची केबल तुटली असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात हे नेहमीचंच. अशा वेळी सेटिंगला हात लावू नका, सरळ फोन करा.

लॅपटॉप नसेल तर मोबाइलवरही एक सोपी परीक्षा होते. ब्राउझरच्या पट्टीत इंग्रजीत एचटीटीपीएस, मग दोन टिंबांचं चिन्ह, दोन तिरप्या रेघा आणि ८.८.८.८ लिहा. या पत्त्यावर गेलं की गूगलचा सर्व्हर आपल्याला 'डीएनएस डॉट गूगल' या नावाकडे पाठवतो. पट्टीकडे नीट बघा. आकडा बदलून नाव दिसलं आणि पान उघडलं, तर सगळं ठीक. आकडा बदलून नाव दिसलं पण पान उघडलं नाही, तर आकड्याने पोहोचता आलं आणि नावाने नाही, म्हणजे डीएनएसवर शिक्का. आकडा तसाच राहून पान फिरत बसलं, तर अडचण त्याच्याही आधीची.

एरर वाचायची सवय लावून घेणं फार मोलाचं आहे. बहुतेक जण ते इंग्रजी वाक्य न वाचताच पान बंद करतात. 'नेम नॉट रिझॉल्व्ड' किंवा 'डीएनएस प्रोब' असे शब्द दिसले तर नाव अडलंय. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे नाव सापडलं, पण पलीकडून उत्तर नाही. सर्टिफिकेटबद्दल तक्रार आली तर मोबाइलची तारीख-वेळ तपासा. या तिन्हींना घरात 'साइट उघडत नाही' असंच म्हटलं जातं, पण तिघांची औषधं वेगळी.

यानंतरचा प्रश्न सामाईक घरात सगळ्यात महत्त्वाचा: हे एकाच यंत्रावर होतंय, सगळ्यांवर होतंय, की कधी ह्याच्यावर आणि कधी त्याच्यावर? त्यासाठी जिना चढून विचारून यावं लागतं. त्याला पर्याय नाही. विचारताना "नेट चालतंय का" असं विचारू नका, कारण उघडलेल्या व्हिडिओकडे बघून कोणीही "हो" म्हणेल. "आज न उघडलेली एखादी नवी साइट उघडून बघ बरं" असं सांगा.

एकाच मोबाइलचं दुखणं

एकच यंत्र अडत असेल तर राउटरला हात लावायचा नाही. बाकीच्यांचं चालतंय, म्हणजे राउटर आणि कंपनी दोघे निर्दोष.

अँड्रॉइडवर पहिला संशय 'प्रायव्हेट डीएनएस'चा. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून ही सोय आली. त्यात नावं विचारायचं काम गुप्त वाटेने, ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे यंत्राचा क्रमांक दिलेला दरवाजा), ठरलेल्या एका सेवेशी होतं. कोणीतरी मित्र जाहिराती बंद करायला तिथे एखाद्या सेवेचं नाव लिहून देतो. ती सेवा बंद पडली, किंवा एखाद्या नेटवर्कने तो पोर्ट अडवला, की मोबाइल दुसरीकडे विचारतच नाही. 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर कॅनॉट बी अॅक्सेस्ड' एवढंच सांगून गप्प बसतो. सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक' केलं की कोडं सुटतं. मोबाइलवर व्हीपीएन किंवा अँटीव्हायरस असेल तर तोही थोडा वेळ बंद करून बघावा.

लॅपटॉपवर एक बारकावा आहे. एनएसलुकअप ही कमांड डीएनएस सर्व्हरला थेट विचारते. पिंग मात्र आधी लॅपटॉपची स्वतःची साठवण आणि ती जुनी होस्ट्स फाइल पाहतं. म्हणजे एनएसलुकअपला बरोबर आकडा मिळतोय आणि पिंगला नाव सापडत नाही किंवा ते भलत्याच आकड्याकडे जातंय, तर दोष लॅपटॉपच्या आत आहे. विंडोजवर आयपीकॉन्फिग या कमांडला 'फ्लशडीएनएस'ची जोड देऊन साठवण पुसायची. तरीही तेच, तर होस्ट्स फाइल उघडून त्यात कोणी ओळ घातलीय का ते पाहायचं. ब्राउझर स्वतःची साठवण वेगळी ठेवतो, म्हणून तो पूर्ण बंद करून उघडणंही आलंच.

आणखी एक सापळा, जो सामाईक घरातच चावतो. बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलवर एका वाय-फायपुरता डीएनएस बदलायचा तर आयपी सेटिंग 'स्टॅटिक' करावं लागतं. ते केलं की मोबाइलचा आयपी पत्ताही गोठतो. राउटरला त्याची खबर नसते. काही दिवसांनी तोच पत्ता तो मागच्या खोलीतल्या लॅपटॉपला देऊन टाकतो आणि मग दोघांचंही नेट आलटून-पालटून तुटतं. मुळात ज्याने सेटिंग बदललं त्याला हे कधीच कळत नाही. मोबाइलपुरता डीएनएस बदलायचा असेल तर प्रायव्हेट डीएनएसमध्ये 'डीएनएस डॉट गूगल' हे नाव लिहिणं जास्त सुरक्षित. आयफोनवर ही अडचण नाही, तिथे आयपी तसाच ठेवून फक्त डीएनएस हाताने भरता येतो.

सगळ्यांचंच अडलं तर

आता एनएसलुकअप खऱ्या अर्थाने कामाला येतं. कमांड लिहून पुढे विद्यापीठाच्या साइटचं नाव द्या. वरच्या दोन ओळींत कोणाला विचारलं ते दिसतं, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ म्हणजे तुमचा राउटर. तिथे 'सर्व्हर: अननोन' असं आलं तर घाबरू नका. राउटरच्या आकड्याला नाव दिलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. तसंच 'नॉन-ऑथोरिटेटिव्ह आन्सर' हीसुद्धा चूक नव्हे. उत्तर मूळ सर्व्हरकडून न येता मधल्याकडून आलं, इतकंच ते सांगतं. 'टाइमआउट वॉज २ सेकंड्स' असं आलं तर मात्र विचारलेल्याने उत्तर दिलं नाही.

मग तीच कमांड पुन्हा द्या, नावाच्या पुढे एक जागा सोडून ८.८.८.८ लिहा. आता राउटरला न विचारता थेट गूगलला प्रश्न जातो. राउटर गप्प आणि गूगलचं उत्तर आलं, तर राउटर तरी अडकलाय किंवा तो ज्याला विचारतो तो कंपनीचा सर्व्हर तरी. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, पण आधी माडीवर सांगून. पुन्हा तेच झालं तर दोष कंपनीच्या सर्व्हरचा धरून चाला. गूगललाही पिंग जातंय पण नावाचं उत्तर मिळत नाही, असं असेल तर रिचार्ज संपलाय का ते आधी पाहा. मुदत संपली की बऱ्याच स्थानिक सेवा सगळ्यांना आपल्या पैसे भरायच्या पानाकडे वळवतात, आणि ते पान प्रत्येक यंत्रावर नीट दिसतंच असं नाही.

दोन्हीकडून 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' असं उत्तर आलं, तर नाव लिहिण्यात चूक आहे किंवा ती साइटच गेलीय. दोन्हीकडून 'सर्व्हर फेल्ड' आलं, तर बिघाड पलीकडे, साइटवाल्यांकडे असू शकतो. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. भारतात नऊ वाजून गेले होते आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप एकदम गेले. फेसबुकच्या नेटवर्कमधल्या एका चुकीच्या बदलाने त्यांच्या डीएनएस सर्व्हरपर्यंतचे रस्तेच इंटरनेटवरून पुसले गेले आणि जवळजवळ सहा तास जगातल्या कोणालाच ती नावं सापडली नाहीत. त्या रात्री घरोघरी राउटर बंद-चालू झाले. मोबाइल डेटावर तीच साइट उघडून पाहिली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं की आपल्या घरात काही बिघडलेलं नाही.

दोन राउटरचं घर

कधी याचं चालतं, कधी त्याचं, आणि जागा बदलली की पुन्हा वेगळंच, अशी तक्रार असेल तर घरात दुसरा राउटर कुठे आहे ते शोधा. जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड. खालचं वाय-फाय माडीपर्यंत पोहोचत नाही. मग कोणीतरी जुना राउटर काढतो, खालून केबल ओढतो आणि वरच्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत, घालतो. वाय-फाय दिसायला लागतं, सगळे खूश.

झालेलं असं असतं की आता त्या घरात डीएचसीपी वाटणारे दोघे झाले. कुठलंही यंत्र जोडलं गेलं की 'मला पत्ता द्या' अशी हाक मारतं, दोघेही उत्तर देतात आणि सहसा ज्याचं आधी पोहोचतं ते धरलं जातं. खालच्याचं धरलं तर सगळं सुरळीत. वरच्याचं धरलं तर तो सांगतो, 'नावं मला विचार, बाहेर जायची वाटही मीच'. पण त्याच्या मागे बाहेरची जोडणीच नाही, तो बिचारा कोणाला विचारणार? मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या, आणि एकही पान उघडत नाही. बंद करून पुन्हा जोडलं की कधी चालतं, कधी नाही. लोक याला 'वाय-फाय वीक आहे' म्हणतात. वीक काही नसतं.

ओळखायची खूण सोपी आहे. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या लॅपटॉपवर आयपीकॉन्फिगला 'ऑल'ची जोड देऊन चालवा आणि 'डीएचसीपी सर्व्हर' व 'डीएनएस सर्व्हर्स' या ओळी शेजारी ठेवून वाचा. मोबाइलवर वाय-फायच्या तपशिलात 'गेटवे', म्हणजे बाहेर जायच्या वाटेचा आकडा, दिसतो. दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे आले की चोर सापडला. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ आणखी दाट, कारण मग आकडे सारखेच दिसतात.

उपाय: वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डीएचसीपी बंद करा आणि त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता द्या, जो खालचा राउटर दुसऱ्या कोणाला वाटत नसेल. 'अॅक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर तोच निवडा, हे सगळं आपोआप होतं. केबल वॅन पोर्टमध्येच, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या खाचेत, घालायची असेल तर डीएचसीपी चालू राहू द्या, पण वरच्या राउटरची पत्त्यांची मालिका १९२.१६८.२ अशी बदला. दोन्ही बाजूंना एकच मालिका असली की राउटरला आत कोण आणि बाहेर कोण हे कळत नाही. बदल केल्यावर प्रत्येक यंत्राचं वाय-फाय बंद करून चालू करा. नाहीतर ते जुनीच सूचना मुदत संपेपर्यंत धरून बसतं, आणि ती मुदत बऱ्याच राउटरमध्ये दिवसभराची असते.

संध्याकाळीच अडणारं नेट

पान पाचेक सेकंद अडतं आणि मग झटक्यात पूर्ण उघडतं. हे लक्षण ओळखून ठेवा. मंद लाइनवर पान हळूहळू उमटतं. इथे आधी शांतता आणि मग धाडकन सगळं. याचा अर्थ पहिल्या विचारणीला उत्तर आलं नाही, यंत्राने वाट पाहिली आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर मिळालं. लिनक्समध्ये ही वाट पाहण्याची ठरलेली वेळ पाच सेकंदांचीच असते. नेहमीचं कारण म्हणजे सेटिंगमध्ये लिहिलेल्या दोन डीएनएस सर्व्हरांपैकी पहिला मेलेला आणि दुसरा जिवंत. प्रत्येक नव्या नावाला आधी मेलेल्याच्या दारात थांबावं लागतं. दोघांनाही एनएसलुकअपने वेगवेगळं विचारून मेलेल्याला काढून टाका.

फक्त संध्याकाळी असं होत असेल तर कारण गर्दीचं असतं. डीएनएसचे प्रश्न छोटे, बहुतेक यूडीपीवर, म्हणजे पोच न घेता पाठवायच्या पद्धतीने, ५३ क्रमांकाच्या पोर्टने जातात आणि वाटेत हरवले तर कोणी कळवत नाही. एकाने मोठा व्हिडिओ अपलोडला लावला की बाहेर जाणारी वाट तुंबते आणि हे छोटे प्रश्नही त्यात अडकतात. शिवाय अनेक घरगुती राउटरांत डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम हे काम करतो, आणि त्याची मूळ मर्यादा एका वेळी १५० अनुत्तरित प्रश्नांची आहे. दहा मोबाइल, दोन टीव्ही आणि एखादा बिघडलेला कॅमेरा, जो आपल्या बंद पडलेल्या सर्व्हरचं नाव सतत विचारत राहतो, एवढ्यात ती भरू शकते. कॅमेऱ्याचा प्लग काढून पाहा. माझ्या मते नवा राउटर घेण्याआधी ही परीक्षा केलीच पाहिजे.

सर्व्हर बदलायचा तर

कंपनीचा सर्व्हर वारंवार झोपत असेल तर राउटरमध्ये दुसरा भरणं योग्यच. गूगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४, क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ आणि १.०.०.१, क्वाड९ चा ९.९.९.९, सगळे मोफत. पण राउटरमधला बदल म्हणजे पूर्ण घरासाठीचा बदल. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ प्रौढांच्या साइट अडवतो, मुलांसाठी उत्तम आहे, पण तो भरताना माडीवरच्या भाडेकरूंना सांगायला हवं. बिल तेही भरतात, आणि एखादी साइट का उघडत नाही हे त्यांना कळण्याचा हक्क आहे. शिवाय पहिला १.१.१.३ आणि दुसरा ८.८.८.८ असं भरू नका. दुसरा फक्त अडचणीला असतो असं लोक धरून चालतात. यंत्रं दोघांपैकी कोणालाही विचारू शकतात, मग अडवलेली साइट अधूनमधून उघडते. जोडी एकाच सेवेची हवी, म्हणजे १.१.१.३ बरोबर १.०.०.३.

बदल करूनही फरक दिसत नसेल तर आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, तपासा. कंपनी त्याचे डीएनएस पत्ते वेगळे पाठवते, आणि तुम्ही फक्त आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, रकाना बदललेला असतो. यंत्रं जुन्याच सर्व्हरला विचारत राहतात.

राउटरच्या डीएनएसच्या रकान्यात तुम्ही न भरलेले अनोळखी आकडे दिसले तर ते गांभीर्याने घ्या. ते कंपनीचे आहेत का हे फोन करून विचारा. नसतील तर कोणीतरी आत शिरलंय. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने हेच केलं होतं. जगभरातल्या लाखो कॉम्प्युटरांचे आणि काही राउटरांचे डीएनएस पत्ते बदलून लोकांना खोट्या वाटेने नेलं. नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली गेली. पण ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर बाधितांचं नेटच गेलं असतं. म्हणून त्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. असं काही आढळलं तर राउटर फॅक्टरी रिसेट करा, अॅडमिनचा पासवर्ड बदला आणि तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यांनाही माहीत असतो. रिसेट करण्याआधी कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून घ्या, नाहीतर ते परत भरेपर्यंत घर नेटविना राहील.

कंपनीला फोन करताना

"नेट चालत नाही" म्हटलं की पलीकडून "राउटर बंद करून चालू करा" एवढंच येतं. त्याऐवजी असं सांगा: "८.८.८.८ ला पिंग जातंय. तिथून नावाचं उत्तरही येतंय. तुमच्या डीएनएस सर्व्हरकडून मात्र टाइमआउट होतोय. घरातल्या सगळ्या यंत्रांवर होतंय, आणि सात वाजल्यापासून." सोबत एनएसलुकअपच्या दोन्ही उत्तरांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, मोबाइल डेटावरून. वाय-फाय दुरुस्त करायला येणाऱ्या पोराला काय बघायचं ते घरी पोहोचण्याआधीच कळतं, आणि तक्रार वर जायची असेल तर त्याच्याही हातात पुरावा राहतो.

दुरुस्ती झाल्यावर परीक्षेसाठी लॅपटॉपवर हाताने भरलेले डीएनएस आकडे काढून पुन्हा 'ऑटोमॅटिक' करा. तोच लॅपटॉप सोमवारी उद्यमनगरच्या कारखान्यात किंवा ऑफिसात गेला, तर तिथल्या आतल्या सर्व्हरची नावं बाहेरच्या ८.८.८.८ ला माहीत नसतात, आणि प्रिंटरपासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळं तिथे अडून बसतं.